आसुके-चो गेलं कुठे, आणि फॉर्मवर लिहायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नी जपानी, जन्म १९७८ चा. तिच्या कोसेकीत, म्हणजे जपानच्या कुटुंब-नोंदवहीच्या उताऱ्यात, जन्मस्थान ‘आइची-केन, हिगाशिकामो-गुन, आसुके-चो’ असं आहे. त्याच उताऱ्यावर होनसेकी, म्हणजे कुटुंबाची नोंद जिथे आहे ते ठिकाण, ‘आइची-केन, टोयोटा-शी’ असं आहे. नकाशावर हिगाशिकामो नावाचा जिल्हा कुठेच सापडत नाही. इथल्या एका कार्यालयातल्या कारकुनाने ‘दोन्हीकडे वेगवेगळं आहे’ म्हणून अर्ज परत केला. तर खरं कोणतं, लिहायचं कोणतं, आणि जपानकडून दुरुस्ती करून आणावी का?

आधी थेट उत्तर. दोन्ही बरोबर आहेत. जन्मस्थानाच्या रकान्यात कोसेकीत आहे तेच लिहा, ‘आसुके-चो, हिगाशिकामो-गुन, आइची-केन’, आणि पुढे कंसात ‘सध्या टोयोटा-शी’. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. तिथलं कार्यालय ती करणार नाही, कारण त्यांच्या लेखी चूक झालेलीच नाही. हे असं का, ते जरा पाल्हाळाने सांगतो, कारण कारकुनाला पटवायचं काम शेवटी तुमच्यावरच येणार आहे. मी पंचवीसेक वर्षं पुण्यात जपानी कागदांचे अनुवाद करतोय, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न वेगळ्या गावाचं नाव घेऊन माझ्या टेबलावर येतो.

घोटाळा सुरू होतो ‘गुन’ या शब्दापासून. इंग्रजीत त्याचं ‘डिस्ट्रिक्ट’ करतात, आपण त्याचा जिल्हा करतो, आणि मग डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी उभी राहते. तसं काही तिथे नाही. जपानमध्ये कारभाराच्या आज दोनच पायऱ्या आहेत. वर ४७ केन, म्हणजे प्रांत (टोकियो, होक्काइदो, ओसाका, क्योतो यांच्या नावापुढे वेगळी शेपटी लागते, पण पायरी तीच), आणि खाली शी, चो, सोन, म्हणजे शहर, कसबा आणि खेडं. मधला गुनचा थर एके काळी खराखुरा होता. १८७८ च्या कायद्याने त्याला अधिकारी मिळाला, पुढे सभाही आली. १९२३ मध्ये सभा गेली, १९२६ मध्ये कचेरीला कुलूप लागलं. तेव्हापासून गुनला ना अधिकारी, ना अंदाजपत्रक. पत्त्यात नाव तेवढं राहिलं. आकाराने ते आपल्या तालुक्याच्या जवळपास जातं, पण तहसीलदार नसलेला तालुका म्हणा.

आणि गुनच्या नावाखाली फक्त चो आणि सोन येतात, शी कधीच येत नाही. कसबा वाढून शहर झाला, किंवा शेजारच्या शहराने त्याला पोटात घेतलं, की तो गुनमधून आपोआप बाहेर पडतो. शेवटचा कसबा गेला की गुनही संपतं.

हिगाशिकामोचं नेमकं हेच झालं. १ एप्रिल २००५ रोजी टोयोटा शहराने सहा गावं सामावून घेतली. निशिकामो-गुनमधली फुजिओका आणि ओबारा, हिगाशिकामो-गुनमधली आसुके, शिमोयामा, आसाही आणि इनाबु. हिगाशिकामोत ही चारच उरलेली होती, त्यामुळे त्याच दिवशी ते गुन नकाशावरून पुसलं गेलं. निशिकामो मात्र मियोशी या एकट्या कसब्याच्या जिवावर २०१० पर्यंत तगलं. मियोशी स्वतः शहर झालं आणि तेही संपलं. इनाबुची आणखी एक गंमत आहे. ऑक्टोबर २००३ पर्यंत ते किताशितारा-गुनमध्ये होतं, हिगाशिकामोत आलं ते जेमतेम दीड वर्षापुरतं. म्हणजे १९७८ साली इनाबुत जन्मलेल्या माणसाच्या कागदावर तिसरंच गुन दिसणार.

एकाच गावाच्या जोरावर गुन जिवंत राहिल्याची याहून मोठी उदाहरणं आहेत. गिफु केनमधल्या ताकायामा शहराने १ फेब्रुवारी २००५ ला आसपासची नऊ गावं घेतली आणि २,१७७ चौरस किलोमीटरचं होऊन बसलं. क्षेत्रफळाने ते जपानमधलं सर्वांत मोठं शहर आहे, जवळजवळ अख्ख्या टोकियो महानगर प्रांताएवढं. त्यातलं बहुतेक डोंगर आणि जंगल. उतरत्या गवती छपरांच्या घरांमुळे १९९५ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं शिराकावा खेडं मात्र शेजारीच स्वतंत्र राहिलं. ते एकटंच आज ओनो-गुन चालवतंय. आणि शेजारच्या हिदा शहरात २००४ साली विरघळलेलं कामिओका हे गाव तुम्ही भौतिकशास्त्राच्या बातम्यांत वाचलेलं असेल. तिथल्या खाणीत खोल बसवलेल्या न्यूट्रिनो वेधशाळेच्या नावात, सुपर-कामिओकांदेमध्ये, ते अजून आहे. कसबा म्हणून मात्र ते उरलेलं नाही.

आता हे सगळं २००५ च्याच आसपास का घडलं? जपानमध्ये गावं एकत्र करण्याच्या तीन मोठ्या लाटा आल्या. पहिली मेइजी काळातली (मेइजी, शोवा, हेइसेइ, रेइवा ही जपानी सम्राटांच्या राजवटींची नावं, जपानी कागदांवर सालं त्यांवरूनच मोजतात). १८८८ च्या अखेरीस ७१,३१४ गावं-कसबे होते, वर्षभरात ते १५,८५९ झाले. एका गावाला एक प्राथमिक शाळा चालवता यावी, कर आणि कोसेकीचं दप्तर सांभाळता यावं, म्हणून तीनशे ते पाचशे घरांचा हिशेब धरला होता. दुसरी शोवा काळातली. युद्धानंतर माध्यमिक शाळा चालवायची जबाबदारी गावांवर आली, तेव्हा आठ हजार वस्ती हे किमान माप ठरवून १९५३ मध्ये कायदा झाला आणि ९,८६८ ची संख्या १९६१ पर्यंत ३,४७२ वर आली. मला यातली शाळेची गोष्ट फार बोलकी वाटते. गाव केवढं असावं हे दोन्ही वेळी शाळेच्या खर्चावरून ठरलं.

तिसरी, हेइसेइ लाट, मात्र शाळेमुळे आली नाही. तरुण माणसं शहरांत गेलेली, मागे म्हातारी उरलेली, आणि केंद्राची तिजोरी कर्जाने वाकलेली. सरकारने खाऊही दाखवला आणि छडीही. खाऊ असा की विलीन होणाऱ्या गावांना खास कर्जरोखे काढता येत. प्रकल्पाच्या खर्चाच्या ९५ टक्क्यांपर्यंत, आणि त्यांच्या परतफेडीतला ७० टक्के भार केंद्र आपल्या वाटपात धरणार. शिवाय विलीन झाल्यावरही दहा वर्षं अनुदान जणू गावं वेगळीच आहेत अशा हिशेबाने मिळत राहणार आणि पुढच्या पाच वर्षांत हळूहळू कमी होणार. शहराच्या दर्जासाठी लागणारी पन्नास हजारांची अटही तीस हजारांवर आणली. छडी अशी की पंतप्रधान कोइझुमींच्या काळात, २००४ मध्ये, छोट्या गावांचं अनुदानच कापलं गेलं. सवलती हव्या असतील तर मार्च २००५ पर्यंत अर्ज आणि मार्च २००६ पर्यंत विलीनीकरण, असा वायदा होता. म्हणून २००४ ते मार्च २००६ या काळात तारखांची नुसती गर्दी आहे. जपानी पत्ता या दोन-तीन वर्षांत बदललेला दिसला की घर बदललं असेल असा विचार मी आधी करतच नाही. १९९९ मध्ये ३,२३२ असलेल्या पालिका मार्च २०१० मध्ये १,७२७ उरल्या. हिरोशिमा केनमध्ये ८६ च्या २३ झाल्या.

सगळ्यांनी मान तुकवली असंही नाही. फुकुशिमा केनमधल्या यामात्सुरी या छोट्या कसब्याने ऑक्टोबर २००१ मध्ये ‘आम्ही विलीन होणार नाही’ असा जाहीरनामाच काढला. पुढे तिथल्या नगरसेवकांनी पगार सोडून बैठकीच्या दिवसापुरता भत्ता घ्यायला सुरुवात केली. यामात्सुरीत जन्मलेल्याचा कागद माझ्याकडे आला तर माझा अर्धा तास वाचतो, एवढंच त्याचं माझ्या धंद्यातलं महत्त्व.

टोयोटाला मात्र या खाऊची गरज नव्हती. मोटारीच्या कारखान्यांमुळे ते शहर केंद्राच्या अनुदानावर जगत नाही. मग २९० चौरस किलोमीटरच्या श्रीमंत शहराने डोंगरातली म्हाताऱ्यांची गावं घेऊन ९१८ चौरस किलोमीटरचं का व्हावं? माझ्या मते याचं उत्तर याहागी नदीत आहे. शहराचं पाणी तिथून येतं, आणि नदीचा वरचा भाग या गावांच्या जंगलांतून उतरतो. १९९४ पासून टोयोटाचे लोक नळाच्या पाण्याच्या दर घनमीटरमागे एक येन वरच्या जंगलांसाठी बाजूला काढत होते. सप्टेंबर २००० च्या अतिवृष्टीत दुर्लक्षित सुरू-देवदाराच्या लागवडीतले ओंडके लोंढ्याबरोबर खाली आले. त्यानंतर जंगल ही दुसऱ्या गावाची डोकेदुखी राहिली नाही. विलीनीकरणानंतर शहराचा जवळजवळ सत्तर टक्के भाग जंगलाचा झाला, आणि २००७ मध्ये पालिकेने पुढच्या शंभर वर्षांचा वन-आराखडा केला. मोटारींच्या शहराचा!

आणखी एक गोष्ट, तुमच्या पत्नीला कदाचित ठाऊक असेलच. टोयोटा हे नावही जुनं नाही. १९५९ पर्यंत ते शहर कोरोमो होतं. कारखान्याच्या नावापुढे शहराने आपलं नाव सोडलं. सासूबाईंच्या पिढीतल्या एखाद्या नातेवाइकाच्या कागदावर ‘कोरोमो-शी’ दिसलं तर दचकू नका.

आसुकेबद्दल दोन शब्द लिहायचा मोह आवरत नाही. मिकावाच्या किनाऱ्यावरचं मीठ नदीने वर येई, आसुकेत त्याचं वजन करून गोणी नव्याने बांधल्या जात आणि घोड्यांवरून ते शिनशूच्या, म्हणजे आजच्या नागानो केनच्या, डोंगरांकडे जाई. त्या व्यापाऱ्यांच्या पांढऱ्या गिलाव्याच्या घरांची गल्ली २०११ मध्ये राष्ट्रीय संरक्षित वस्ती झाली, आइची केनमधली पहिली. नोव्हेंबरात कोरानकेइ घळीतले मेपल बघायला लोकांची रीघ लागते. गाव संपलेलं नाही. त्याचं नगराध्यक्षपद, त्याची सभा आणि त्याचं अंदाजपत्रक संपलं. आज तिथे ‘शिशो’ आहे, पालिकेचं शाखा कार्यालय.

आता कागदांतले सापळे, कारण खरं नुकसान तिथे होतं.

पहिला आणि सर्वांत फसवा. ‘आसुके-चो’ हे नाव आजच्या पत्त्यातही आहे, पण ते जुनं आसुके-चो नव्हे. २००५ आधी पत्ता असा असे : हिगाशिकामो-गुन, आसुके-चो, ओआझा आसुके, आझा इइमोरी. ओआझा म्हणजे कसब्याच्या पोटातलं जुनं गाव, आझा म्हणजे त्यातली वाडी. विलीन होताना प्रत्येक ओआझाला ‘चो’ ही शेपटी देऊन थेट टोयोटा शहराखाली लावलं गेलं. आता तोच पत्ता टोयोटा-शी, आसुके-चो, इइमोरी असा आहे. अक्षरं तीच, पण तेव्हाचं आसुके-चो म्हणजे अख्खा कसबा, आणि आजचं आसुके-चो म्हणजे त्यातला एक तुकडा. पूर्वी ‘आसुके-चो, ओआझा इवागामी’ असलेलं घर आज ‘टोयोटा-शी, इवागामी-चो’ आहे, त्यात आसुके हा शब्दच नाही. मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. एकाच माणसाच्या दोन कागदांवरचे हे दोन पत्ते मी दोन वेगळी घरं म्हणून टीप देऊन मोकळा झालो, आणि बिचाऱ्याला ‘पत्ता कधी बदलला’ याचा पुरावा मागितला गेला. घर हललंच नव्हतं, पुरावा कुठून आणणार? तेव्हापासून मी पिनकोड आधी बघतो. जुन्या टोयोटा शहराचे बहुतेक पिनकोड ४७ ने सुरू होतात, पण आसुके ४४४-२४२४ आणि इवागामी ४४४-२३५१. टपालखात्याच्या आकड्यांत जुना डोंगरभाग अजून वेगळा उरलाय.

दुसरा सापळा, सारखी नावं. टोयोटात गेलेलं आसाही आणि ताकायामात गेलेलं आसाही ही दोन वेगळी गावं आहेत. कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चित्राक्षरं, वेगळी, उच्चार एक. रोमन लिपीत किंवा देवनागरीत लिहिलं की फरक पुसला जातो. म्हणून अनुवादकाने मूळ कांजी सोबत ठेवलीच पाहिजे. त्यातच एकाच कांजीचा उच्चार कुठे ‘चो’, कुठे ‘माची’. आइचीत सगळीकडे चो. होक्काइदोतही सगळीकडे चो, फक्त मोरी तेवढं मोरी-माची. हा अंदाजाने लिहायचा शब्द नाही.

तिसरा, गाव दुभंगणं. फुजी पर्वताच्या बाजूचं कामिकुइशिकी खेडं १ मार्च २००६ ला मधोमध तुटलं. उत्तरेचा भाग कोफु शहरात गेला, दक्षिणेचा फुजिकावागुचिको कसब्यात. अशा वेळी ‘सध्या अमुक’ असं कंसात लिहिण्याआधी वाडी कळल्याशिवाय गत्यंतर नाही.

चौथा, केनच बदलणं. नागानो केनमधलं यामागुची खेडं फेब्रुवारी २००५ मध्ये डोंगराच्या या बाजूच्या नाकात्सुगावा शहरात, म्हणजे गिफु केनमध्ये गेलं. कवी-कादंबरीकार शिमाझाकी तोसोन यांचं जन्मगाव मागोमे त्यात होतं, त्यामुळे ‘तोसोन आता गिफुचे का’ यावरून बरीच ओरड झाली. नागानोच्या राज्यपालांचाही विरोध होता. कागदांच्या दृष्टीने भानगड अशी की जपानी पासपोर्टवर जन्मस्थान नसतंच, होनसेकीचं केन तेवढं असतं. म्हणजे मागोमेच्या माणसाचं जन्मस्थान नागानोत आणि नंतर काढलेल्या पासपोर्टवर गिफु, असं होऊ शकतं. तुमच्या बाबतीत केन आइचीच राहिलं, हे नशीब समजा.

पुण्यातल्या लोकांसाठी जाता जाता एक. सिंहगड रस्त्यावरची पुणे-ओकायामा मैत्री बाग सगळ्यांना माहीत आहे. त्या ओकायामानेही २००५ आणि २००७ मध्ये मित्सु, नादासाकी, ताकेबे आणि सेतो हे कसबे घेतले, तेव्हा तिथून आलेल्या कागदांवर ‘मित्सु-गुन’ दिसलं तर हाच न्याय लावायचा.

आता तुमच्या अर्जाकडे. होनसेकीपुढे टोयोटा-शी आणि जन्मापुढे आसुके-चो हे एकाच पानावर कसं? कोसेकी कायद्याच्या अंमलबजावणी नियमांतलं कलम ४५ सांगतं की प्रशासकीय हद्द किंवा जागेचं नाव बदललं तर नोंद दुरुस्त झाली असं मानलं जाईल. त्यामुळे होनसेकी नव्या नावाने छापली जाते, ती आजच्या कार्यालयाची ओळख आहे. जन्म ही मात्र घडून गेलेली घटना आहे. ती ज्या दिवशी, ज्या गावात घडली त्या गावाचं त्या दिवशीचं नाव तसंच राहतं. शोवा ५३ साली तिथे टोयोटा-शी नव्हतंच. (शोवा वर्षात १९२५ मिळवा, हेइसेइमध्ये १९८८, रेइवामध्ये २०१८.)

कारकुनासाठी दोन गोष्टी जोडा. एक, टोयोटा पालिकेकडून गाव विलीन झाल्याचा दाखला. बहुतेक पालिका असा दाखला देतात, बहुधा फुकट. दुसरी, अनुवादात तळटीप : ‘आसुके-चो, हिगाशिकामो-गुन हे १ एप्रिल २००५ पासून टोयोटा-शीमध्ये समाविष्ट, जन्माची नोंद तत्कालीन नावाने.’ टीप अनुवादाच्या मजकुरात घुसडू नका, खाली वेगळी द्या आणि अनुवादकाची सही घ्या. अर्जात ‘जिल्हा’ असा सक्तीचा रकाना असेल तर हिगाशिकामो लिहा आणि सगळ्या अर्जांत तेच ठेवा. एका ठिकाणी हिगाशिकामो आणि दुसऱ्या ठिकाणी टोयोटा लिहिलंत तर पुढच्या वेळची विसंगती मात्र तुमची स्वतःची असेल.

नवा उतारा हवा असेल तर १ मार्च २०२४ पासून पत्नी जपानमधल्या कुठल्याही पालिकेच्या खिडकीवर स्वतः जाऊन घेऊ शकते, टोयोटालाच जायला हवं असं नाही. पण टपालाने किंवा कुणाला पाठवून ही सोय मिळत नाही. इथून टपालाने मागवायचा तर टोयोटा पालिकेलाच लिहावं लागेल. चालू कोसेकीला ४५० येन, बंद झालेल्या जुन्या नोंदवहीला ७५०. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, आणि अनुवाद त्यानंतर, आधी नको.

आणि टोयोटाला लिहिण्याआधी सासूबाईंना एक फोन करा. विचारायचं एवढंच : २००५ च्या आधी घराच्या पत्त्यात आसुके-चोनंतर ओआझा कोणतं होतं?